पाच दिवस, एकच गाव

माझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये एकच गाव होतं, आणि त्याबद्दल मी आजतागायत कुणाची माफी मागितलेली नाही.

ऐंशीच्या दशकात आम्हा अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत एक रिवाजच पडून गेला होता. कुणी फिरून आलं की शनिवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा, आणि जेवणं झाली की पडद्यावर प्रवासातल्या फोटोंच्या स्लाइड्स. त्या वर्षी आम्ही सात-आठ जोडपी मिळून युरोपला गेलो होतो. अकरा दिवस, सहा देश. सगळं आखणारे आमच्यातलेच एक डॉक्टर. माणूस हौशी, पण भलताच घाईचा. चर्चला वीस मिनिटं, कारंज्याला दहा. बसच्या मागच्या सीटवर दशम्या, चिवडा आणि लोणच्याची बरणी.

इटलीत डोंगरावरच्या एका गावात बस थांबली ती केवळ बाथरूमसाठी. आमच्या छापील कागदावर त्या गावाचं नावही नव्हतं. बायका रांगेत उभ्या राहिल्या, मी आपली चढण चढून वर गेले. एका घराच्या पायरीवर एक म्हातारी हिरव्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सरकून मला जागा दिली. मी बसले आणि सोलायलाच लागले. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला, तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. लायब्ररीतल्या नोकरीत मला वर्षाला दोन आठवडे रजा. त्यातही कुणीतरी हॉर्न वाजवणार आणि मी पळणार? खाली गेले, माझी बॅग काढली आणि नवऱ्याला म्हटलं, "पाच दिवसांनी रोमच्या विमानतळावर भेटते."

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा म्हणाला. फिरलंच होतं. पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये होता हे एक बरं.

म्हातारीच्याच माडीवर खोली मिळाली. भाषेच्या नावानं शून्य. त्या शेंगांचे दाणे कच्चेच चीजबरोबर खायचे, हे तिनं हातवारे करून शिकवलं. दुपारी अख्खं गाव दारं लावून झोपायचं, मीही झोपायची. संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसायची. चौथ्या दिवशी पाववाल्यानं मी मागायच्या आधीच माझा पाव बांधून पुढे केला. इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, उगाच आडपडदा कशाला ठेवू?

तर त्या शनिवारी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये आधी बाकीच्यांच्या स्लाइड्स झाल्या. साड्या, त्यावर स्नीकर्स, मागे कुठलासा घुमट. हे मिलान की फ्लॉरेन्स यावरून नवऱ्याची आणि डॉक्टरांची जुंपली. शेवटी कुणी कुठल्या दिवशी कुठली साडी नेसली होती, त्यावरून शहर ठरलं.

मग माझ्या. म्हातारीचे हात. दोरीवर वाळणारी चादर. पाववाला. बाक. परत तोच बाक, संध्याकाळचा. "यार, पिसाचा मनोरा नाहीच का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

"वहिनी, तुम्ही केवढं मिस केलंत," डॉक्टर म्हणाले. "पण हरकत नाही. पुढच्या जूनमध्ये परत ग्रुप नेतोय. यांनी तुमची दोघांची नावं दिलीत ना." त्यांच्या हातात यादीही तयार होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो प्रोजेक्टरशी चाळा करत होता. माझे दोन आठवडे यानं मला न विचारता परस्पर देऊन टाकले होते. मला संताप आला, आणि चारचौघांसाठी तो गिळायचा नाही असं मी ठरवलं.

"डॉक्टर, माझं नाव खोडा. जूनमध्ये मी माझ्या त्या गावात जाणार."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघताय? नाव माझं आहे. आत्ताच खोडा."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि खोडलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "आणि त्या गावात परत जाऊन तू एकटी करणार काय?"

"काही नाही करणार," मी म्हटलं. "लग्नाला अठरा वर्षं झाली. सगळं मीच करतेय."

जूनमध्ये मी गेले.