दही खाऊन निघालेली बाई

"मी उठणार नाही! बसेन तर विमानात, नाहीतर इथेच!"

हा माझ्या आईचा आवाज. नालासोपाऱ्याच्या आचोळ्यातल्या त्या मोबाइलच्या दुकानातून तो निघाला, तुंगारेश्वरच्या डोंगरावर आपटला आणि परत आला, म्हणून आम्हाला दोनदा ऐकावा लागला. आई आपल्या बॅगेवर बसली होती आणि बॅग दुकानाच्या बरोबर दारात होती.

झालं होतं असं. आईला नागपूरला मावशीकडे जायचं होतं, तेही जन्मात पहिल्यांदा विमानाने. या दुकानदाराकडे विमान कंपनीचं गिफ्ट कार्ड स्वस्तात मिळत होतं. मी ते घेतलं, त्याचा नंबर टाकून तिकीट काढलं. निघायच्या सकाळी आमच्या विरारच्या अख्ख्या बिल्डिंगने आईच्या हातावर दही-साखर ठेवली. रिक्षा कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच मेसेज आला. तिकीट रद्द!

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, ते कार्ड चोरीचं आहे. तुम्ही कुठून आणलंत?" सूर असा, की मी कोहिनूरच खिशात घालून आणलाय.

"ताई, चोर कधी पावती घेतो का? माझ्याकडे शिक्क्याची पावती आहे!"

"मग विकणाऱ्याशी बोला, सर."

मी रिक्षा घराकडे वळवायला सांगितली, तशी आई गरजली, "दही खाऊन निघालेली बाई लगेच त्याच उंबऱ्यात परत जात नाही. दुकानावर घे!"

दुकानदार गोड हसला. "आजी, मला पण ते मोबाइलवरच्या एका ग्रुपवरून आलं. मी फक्त पुढे दिलं."

"मग बोलाव त्या ग्रुपवाल्याला. तोवर मी आहे."

आणि तिने मावशीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. जे गिऱ्हाईक येईल त्याच्या हातावर लाडू. "खा बाळा. इथलं दुसरं काही घेऊ नकोस, चोरीचं निघतं." दुपारपर्यंत अर्ध्या नालासोपाऱ्याने लाडू खाल्ले, उरलेला अर्धा रांगेत होता. मी बाजूला उभा राहून सायबर पोलिसांकडची तक्रार मोबाइलवर भरत होतो आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत होतो.

"बस करा! काढतो तिकीट!"

त्याने संध्याकाळच्या विमानाचं काढलं. स्वतःच्या खात्यातून, थेट कंपनीच्या साइटवर, आई खांद्यावरून डोकावत असताना. तक्रार मी तरीही पाठवली. तिकीट आईचं होतं, राग माझा होता.

आई उडाली. डबा रिकामा, मान ताठ.

काही दिवसांनी मी मुद्दाम त्याच दुकानावरून गेलो. "काय शेठ, विमानाचं स्वस्त कार्ड आहे का?"

त्याने मान वर न करता विचारलं, "आजी अजून नागपूरलाच आहेत ना?"