देवाचं दुसरं घर

पुण्याहून निघालेली एस.टी. बार्शी मागं टाकून येडशीकडे वळली आणि खिडकीतून ज्वारीच्या ताटांचा वास आत आला. येत्या उन्हाळ्यात मी नोकरीतून निवृत्त होणार. पुण्यात आम्ही आजवर भाड्यानं राहिलो. फंडाच्या पैशात एकच घर होईल: पुण्याबाहेर दोन खोल्यांचं, नाहीतर माझ्या जिल्ह्यात, धाराशिवला, ऐसपैस. परतण्याआधी ठरवायचं, असं बोलून आम्ही निघालो होतो. माझी ओढ इकडची. ह्यांचा, म्हणजे माझ्या पतींचा, सारा जन्म पुण्यात गेलेला.

धाराशिवला एका नव्या इमारतीतला फ्लॅट पाहिला. दाखवणारे गृहस्थ उत्साही होते.

"घरपट्टी पुण्याच्या मानानं काहीच न्हाय, सर. लिफ्ट हाय, बाजार खाली, दवाखाना चालत जावा."

"पाणी रोज येतं?" ह्यांनी विचारलं.

गृहस्थांनी गच्चीकडे बोट केलं. "टाकी लई मोठी बांधलीय."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पेन्शनवरचा आयकर दोन्हीकडे सारखाच. राहिली घरपट्टी. तेवढ्यासाठी माणूस गाव बदलतो का?"

मी मागं वळून पाहिलं. त्या इमारतीच्या गच्चीवरून मला माझं कॉलेज दिसलं होतं. तामलवाडीहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला ह्या गावानं वसतिगृहातली एक खाट दिली होती. तेच गाव आता मला लिफ्टसकट घर देऊ करत होतं. मग बाजारात धाराशिवचे नावाजलेले गुलाबजाम खाताना मात्र ह्यांची कसली तक्रार नव्हती. दुसरी वाटी त्यांनीच मागवली.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर, नळदुर्ग करत अणदूर गाठलं. मी बी.ए. झाले तेव्हा वडिलांनी मला इथल्या खंडोबापुढं उभं करून कपाळाला भंडारा (हळद) लावला होता. घराचं ठरवण्याआधी त्याला भेटावं, असं मनात होतं.

देवळात गर्दी नव्हती. गाभाऱ्यात समई तेवत होती, आसन मात्र रिकामं. एक आजी अंगण झाडत होत्या.

"बर्री, कूडरी (या, बसा)," त्या म्हणाल्या. कर्नाटकची हद्द इथून लांब नाही.

"आजी, देव?"

"नळदुर्गला गेलाय की. थंडीत तिकडंच असतो. त्याच्या दारावरूनच आला तुमी."

मी कपाळाला हात लावला. वर्षातला बराच काळ अणदूरला आणि थंडीत काही आठवडे नळदुर्गला, अशी ह्या देवाची दोन घरं. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट पुण्यात राहून मी पार विसरले होते.

"म्हणजे तुमचा देवही बदलीवर जातो," हे हसले.

"बदली कशाची? दोन्ही घरं त्याचीच. नेणारे परत आणायचा शब्द देतात, आन् आमी वाट बघतो."

"मग देव नसताना झाडता कशाला?"

आजींचा झाडू थांबला. "पावणं, येतो म्हणून गेलाय त्यो. धुळीत यावं का त्यानं?"

आमच्या पायांनी आत आलेली माती ह्यांनी हळूच पायानं कडेला सारली.

तसेच मागं फिरून नळदुर्गला आलो. किल्ल्याचा काळा तट, बोरी नदीचं पाणी आणि देवळाभोवती उधळलेल्या भंडाऱ्यानं पिवळी झालेली हवा. माणसांचे चेहरे, केस, झाडांची पानं, सगळं एका रंगाचं. रांगेत आमच्यापुढं दोघं जण बोलत होते.

"काय अणदूरकर, करमंना व्हय देवाबिगर?"

"ऱ्हाऊ द्या थोडं दिस तुमच्याकडं. नीट संभाळा म्हंजी झालं."

"आमच्याकडं? आपल्याच घरी आलाय त्यो."

दोघंही हसले आणि एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावला. आम्ही गाभाऱ्यापुढं पोचलो. वडिलांसोबत पाहिलेला तोच देव, दुसऱ्या घरात, तितकाच निवांत. माझे हात जोडलेलेच राहिले. हे देव-देव करणारे नाहीत, पण मागचे लोक पुढं ढकलू लागले तरी हलेनात.

बाहेर चहा घेताना म्हणाले, "मालन, विकत कशाला घ्यायचं? फंड बँकेत राहू दे. हिवाळ्यात धाराशिवला भाड्यानं राहू, बाकीचं वर्ष पुण्यात."

"आणि घरपट्टी?"

"घरमालक भरतील. दोन्हीकडचे."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. धाराशिव हवं तर ह्यांना पुणं सोडायला लावावं लागेल, हे मी इतकं धरून चालले होते की त्याचं ओझं वाटायचंही थांबलं होतं. आता ते उतरल्यावर कळलं.

पुण्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं. कुलूप काढलं. बंद घरात धूळ बसली होती. मी पिशव्या ठेवेपर्यंत ह्यांनी झाडू हातात घेतला.

"पुढच्या हिवाळ्यात आपण तिकडे असताना," ते वाकून झाडत म्हणाले, "इथं कोण झाडेल, ते आधी ठरवू."