पोळी की भाकरी

पावसाची झड लागलीय आणि शेजारून भाकरीचा खरपूस वास आलाय. भालकीतल्या अशाच एका दुपारी आमचे हे गुलबर्ग्याच्या डाळमिलमधून दोन दिवसांसाठी घरी आले होते. मी कणीक मळायला घेतली, तसे चिडले.

"पोळ्या कामून करायलीस? मी काय पावना हाय?"

मी मनातून सुखावले. कणीक झाकून भाकरी थापली. पहिला घास खाऊन हे उठले, फळीवरचे सगळे डबे उघडून बघितले आणि ओशाळून म्हणाले, "मीठ कुठं ठेवतीस गं?"

मीठ मीच काढून दिलं. रागानं की मायेनं, अजून कळत नाही.

आता हे रिटायर होऊन कायमचे घरी आलेत. आणि मी रिकामी परात पुढ्यात घेऊन बसलेय. कोणतं पीठ घेऊ?