वाटी रिकामी आली

दुष्काळाचं साल म्हटलं की तुम्ही लगेच चेहरा पाडून बसता. आता हा खडी फोडणारी माणसं सांगणार, वाटपाची सुकडी सांगणार, छावणीतलं एखादं जनावर नेमकं शेवटच्या पानावर मारणार. तर सैल बसा. यात जनावर नाही. यात एक वाटी आहे, पितळेची, काठाला पोचा आलेली. तिच्यासाठी रडायचं असेल तर रडा, माझी काही हरकत नाही.

मी तेव्हा शेवगावात मॅट्रिक होऊन घरी बसलेला. बसल्या बसल्या एकच उद्योग, लोकांचे आवाज काढायचे. हेडमास्तरांचा खोकला, कंडक्टरचं 'चला, फुडं सरका', आमच्या बापाचं जेवताना न बोलणं. हो, तेसुद्धा मला काढता यायचं. आई म्हणायची, "एक दिवस तुझा सोताचा आवाज कोनता हे इसरशील."

त्या वर्षी पुण्याहून एक बाई आल्या. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. गल्लीनं पहिल्या दिवशी त्यांना कुटुंब नियोजनाच्या समजून दारं लावून घेतली, दुसऱ्या दिवशी रेशनच्या समजून उघडली. त्यांचं काम वेगळंच होतं. माणसं एकमेकांना धरून कशी राहतात, हे त्यांना कागदावर मांडायचं होतं. प्रत्येक घराला तीन प्रश्न. घरात काही संपलं तर कुणाकडे जाता? मनातलं कुणाला सांगता? अडीअडचणीला पहिलं दार कुणाचं वाजवता? उत्तर आलं की मोठ्या कागदावर एका घराच्या टिंबापासून दुसऱ्या घराच्या टिंबापर्यंत लाल पेन्सिलीनं बाण.

घरं दाखवायला आणि ओळख करून द्यायला त्यांनी मला घेतलं. अट एकच घातली. "घरात दिलेलं उत्तर तुझ्या पोटात राहिलं पाहिजे." मी म्हटलं, "बाई, माझ्या पोटात राहत नाही असं फक्त आईच्या हातचं पिठलं." त्या हसल्या. तिथंच त्यांनी ओळखायला पाहिजे होतं.

आमच्या गल्लीत शिंपीणकाकू आणि पिंजाऱ्याची चाची यांची घरं एकाच भिंतीला. त्या भिंतीतली एक वीट कधीतरी निखळली होती. ती कुणी बसवलीच नाही, कारण तिथून वाटी जायची. सकाळी सातच्या सुमाराला चाचीची हाक यायची, "वैनी, हाय का वं?" की इकडून विरजण, तिकडून तिखट, इकडून चहाची भुकटी. आणि आमच्याकडं वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर कढीपत्त्याची काडी, अगदीच काही नसलं तर त्या वर्षी रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीचे चार दाणे. पण रिकामी नाही.

चाचीचा नवरा धनुकली खांद्यावर टाकून गाद्यांचा कापूस पिंजायला अकोल्याकडं गेला की दीड-दोन महिने यायचा नाही. त्या वेळी तर तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. घरात दोघीच. तिनं बाईंच्या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं. "लिवा, वैनी. दुसरं कोन हाय? पोरीचं पोट दुखाय लागलं तर म्या भिताडावर थाप मारनार. अल्लाच्या खालोखाल वैनीच."

मग आम्ही शिंपीणकाकूंकडं गेलो. काका मशीनवर बसलेले, बाईंच्या हातात कागद. काकूंनी पदर सारखा केला. "संपलं तर मास्तरांच्या घरी जातो. मनातलं... मास्तरीनबाईलाच सांगते. अडचन आली तर डाक्टर हायेत, सरपंच हायेत."

"शेजारी?" बाईंनी विचारलं.

"पिंजारीन व्हय? ती येते आपली. आमाला काय लागतंय तिच्याकडून?"

मला हसू दाबवेना. मास्तरीणबाई काकूंना हळदीकुंकवाशिवाय ओळखतही नव्हत्या.

संध्याकाळी बाईंनी कागद पसरला. बाकी सगळे बाण मास्तर, डॉक्टर आणि सरपंच यांच्या दारात गर्दी करून उभे. फक्त चाचीच्या टिंबातून काकूंकडं बाण निघत होते, तिच्याकडं येणारा एकही नव्हता. "असं कसं?" त्या म्हणाल्या. "या बाईला गल्लीत कोणीच नाही विचारत?"

"बाई, सगळे विचारतात. पण कागद पुण्याला जाणार ना. कागदावर पिंजारणीचं नाव कोण सांगेल? तिथं मोठंच नाव सांगतात. लग्नाच्या पत्रिकेवर छापतात तसं."

बाईंनी लाल पेन्सिल कागदावर ठेवली. "म्हणजे मी गल्ली नाही, पत्रिका काढली," असं म्हणाल्या. मग ठरवलं, प्रश्न बदलायचे. कुणाकडं जाता असं नाही विचारायचं. काल घरात बाहेरून काय आलं आणि कुणाकडून, एवढंच विचारायचं. शहाणपणाचा प्रश्न होता. पण त्याआधी माझं तोंड मध्ये आलं.

दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर चार जण म्हणाले, "काय रे सर्वेवाल्या, काय चाललंय?" मी आधी चाची काढली. "अल्लाच्या खालोखाल वैनीच." भिताडावर थाप मारायची खूण केली. लगेच पदर सारखा करून काकू. "पिंजारीन व्हय? ती येते आपली. आमाला काय लागतंय तिच्याकडून?" लोक पोट धरून हसले. पुन्हा कर म्हणाले. मी पुन्हा केलं, दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. मग समोरचे दोघं हसायचे थांबले, म्हणून मी मागं वळून बघितलं.

चाची रॉकेलची बाटली घेऊन उभी होती. किती वेळ, माहीत नाही. माझ्याकडं बघून ती जराशी हसलीसुद्धा. "झकास काढतो रे आवाज. डिट्टो वैनी," म्हणाली आणि गेली.

माझ्यावर ओरडली असती तर मी तिचाही आवाज काढला असता. पण ती कौतुक करून गेली. त्याचं काय करायचं मला कळलं नाही.

दोन दिवसांनी काकू आमच्या घरी आल्या. हातात तीच वाटी. "वैनी," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "ही बघा. रिकामी आली. घासून, पुसून, कोरडी."

आईनं वाटी हातात घेऊन आत बघितलं, जणू तळाशी काही चिकटलं असेल. "घरात दाना नसंल वं तिच्या."

"दाना नसला तर पाला टाकती ती. आन् हाकबी न्हाई मारली. नुसती सरकवली."

मी कोपऱ्यात बसून चपलेचा अंगठा शिवत होतो. तो तुटलेला नव्हता.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, बाई आणि मी नवे प्रश्न घेऊन गल्लीत शिरत होतो. चाची घरातून बाहेर पडली. बाहेरून कडी घातली आणि काकूंच्या उघड्या दारावरून सरळ निघाली. काकू दारातच बसलेल्या, काजं करत. चाचीनं मान वळवली नाही. मी विचारलं, "चाची, कुठं?" ती थांबली नाही. दवाखाना पार स्टँडच्या पलीकडं, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

मग भिंतीपलीकडून पोरीचं कण्हणं ऐकू आलं. काकू सुई तशीच कापडात टोचून उठल्या आणि कडी घातलेल्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. कडी नुसती अडकवलेली, बोटानं निघाली असती. पण त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडं बघितलं. तोवर त्यांना कुणीतरी टपरीवरचं सगळं सांगितलेलं होतं, हे मला त्या बघण्यात कळलं.

"उघडू का रे?" त्या म्हणाल्या. "तिनं बोलावलं न्हाई मला. थाप मारली न्हाई."

आतून पोर ओरडली. बाई पुढं झाल्या, पण त्याआधी काकूंनीच कडी काढली.

चाची नर्सला घेऊन आली तेव्हा मुलगी झालेली होती आणि काकूंच्या मांडीवर, काकूंच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. लेक पांढरी पडली होती, पण शुद्धीवर होती. नर्सनं सगळं तपासलं, ठीक आहे म्हणाली. चाचीनं नात घेतली, कपाळाला लावली. मग काकूंना म्हणाली, "लई उपकार झाले, वैनी."

काकूंचा चेहराच उतरला. इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना असलं काही म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाळंतिणीसाठी वाटीतून मेथ्या सरकवल्या, ती वाटी भिंतीतून परत आली. शिगोशीग गुळानं भरलेली, वर नवा खण. सुइणीला देतात तसं. आणि संध्याकाळी काकूंनी बघितलं, तर विटेच्या जागी पलीकडून कापूस ठासून भरलेला.

बाईंचे नवे प्रश्न वाया गेले. काल काय आलं विचारलं की प्रत्येक घर माझ्याकडं बघून सांगायचं, "आमच्याकडं कायबी येत न्हाई." बाईंनी कागदाची गुंडाळी केली. मला एवढंच म्हणाल्या, "मी तुला घरं दाखवायला घेतलं होतं. तू आतून दाखवलीस." मग पुण्याच्या गाडीत बसल्या.

मला वाटलं, सुटलो. घरी आलो तर काकू आईपाशी बसलेल्या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"ये, आत ये," काकू म्हणाल्या. "मारनार न्हाई. तुझ्या आईनं सकाळीच इचारलं, चार रट्टे देऊ का. म्या म्हनलं नको, मार खाल्ला की तू मोकळा व्हशील. तवा म्या बोलले ते खोटं बोलले. कागदाला बरं दिसावं म्हनून बोलले, नवरा बसल्याला म्हनून बोलले. ती माझी चूक, ती मी कुठं न्यायची ते बघीन. पन माझं खोटं त्या कागदात पडून ऱ्हायलं असतं. तू ते माझ्या आवाजात तिच्या कानात नेऊन घातलंस. आता म्या शंभरदा खरं बोलले तरी तिला तुझंच ऐकू येनार. तर एक कर. तुला समद्यांचे आवाज येतात न्हवं? उद्यापासनं रोज सकाळी सातला माझ्या घरी यायचं. त्या कापसापाशी हुबं ऱ्हायाचं. आन् तिच्या आवाजात हाक मारायची, वैनी, हाय का वं. रोज. मी 'हाय' म्हनंपर्यंत हालायचं न्हाई."