चपला नीट काढून ठेवल्या होत्या

आमच्या डॉक्टरबाई मुलखाच्या अबोल. इतकी वर्षं मी शवागारात त्यांच्या हाताखाली, पण माझ्या लेकीच्या लग्नात येऊन नुसतं "बरं झालं" म्हणाल्या. आता काय बरं झालं, तुम्हीच सांगा! पण प्रेतासमोर उभ्या राहिल्या की पोलिसांचं ऐकत नसत, नातेवाइकांचंही नाही. "आधी याला बोलू दे," म्हणायच्या. आणि निकाल पोलिसांना कळवला की विषय संपला. घरच्यांच्या दारात त्या कधी गेल्या नाहीत.

त्या दिवशी गच्चीवरून पडलेल्या एका म्हाताऱ्याला आणलं. हवालदार आल्या आल्याच म्हणाला, "आत्महत्या. चपला नीट काढून ठेवल्यात. नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं."

बायको बाहेर बाकावर बसली होती. भांडणात तिच्या तोंडून "मरा एकदाचे" निघून गेलं होतं. अहो, कुठल्या घरात निघत नाही? आमच्याकडे तर मी रोज मरतो! पण तिचा माणूस खरंच गेला होता. दिसेल त्याला ती एकच विचारत होती, "माझ्यामुळे केलं का हो त्यांनी?" मला तिच्याकडे बघवेना.

बाईंनी म्हाताऱ्याचे तळहात उघडले. ओरखड्यांत गंजाचे कण, एक नख उलटलेलं. नडग्या सोललेल्या. झटापटीची खूण कुठेच नाही, म्हणजे कुणी ढकललेलं दिसत नव्हतं.

"काहीतरी धरायला गेलाय," त्या म्हणाल्या.

"मग अपघातच की!"

"उडी मारणाराही ऐन वेळी घाबरून धरतो. तुला फार घाई."

मग आम्ही त्या गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी घसरून कठड्यावर आडवी झाली होती. पायऱ्यांवर शेवाळ. अशा शिडीवर शहाणा माणूस चपला काढूनच चढेल. टाकीचं झाकण उघडं, आत गळका नळ अर्धवट सोडवलेला आणि पाना त्यालाच अडकलेला. बाई म्हणाल्या, "त्याच्या बायकोला मीच सांगते."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, त्या बिचारीच्या जिवाला लागलेला घोर तरी जाईल.

म्हातारी एव्हाना घरी परतली होती. खाली स्वयंपाकघरात बाई तिच्या शेजारी बसल्या. "मावशी, त्यांनी जीव दिला नाही. तुमच्या बोलण्याचा काही संबंध नाही. टाकीचा नळ सोडवताना शिडी घसरली. खालून धरायला कुणी नव्हतं, एवढंच."

म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, सुटली.

"हाक मारली होती त्यांनी," ती म्हणाली. "जरा शिडी धर म्हणून. दोनदा मारली. मी फुगून बसले होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीनं बाईंचा हात धरला. "डॉक्टरबाई, तुम्ही आपलं आत्महत्याच लिहा ना."