पडलेली कणसं

व्हर्ला क्नुटसन सकाळपासून शेतात वाकून कणसं वेचत होती. बहात्तराव्या वर्षी बाईने करायचं हे काम नव्हे. पण आयोवातल्या या शेतावर कापणीनंतर गाई मक्याच्या धाटांत चरायला सोडायच्या, ही रीत तिच्या सासऱ्यापासूनची. यंदा वादळाने मका आडवा केला आणि यंत्राने निम्मी कणसं मातीतच ठेवली. भुकेली गाय धाटाला शिवत नाही, दाण्यावर तुटून पडते, आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगून आडवी होते.

कुरणातलं गवत उन्हाळ्यातच जळालेलं. गाई आज धाटांत गेल्या तर राहणार, नाहीतर उद्या बाजारात. ऑर्विनने, तिच्या नवऱ्याने, ट्रक सांगूनही ठेवला होता.

तो बांधावर गाडीत बसून होता. गुडघ्याने दगा दिलेला, जिभेने नाही.

"अगं, डुकरंसुद्धा एवढी बारकाईने वेचत नाहीत!"

"मग उतर की खाली. डुकरांची तेवढीच कमी आहे."

दुपार कलली. अर्धंच शेत झालं होतं. व्हर्ला बादली पालथी घालून तिच्यावर बसली. बोटं सुजून मिटेनात. कुंपणापलीकडे म्हातारी बर्निस गाय हंबरली, तिच्यामागे सगळ्याच.

"झालं नाही ना?" ऑर्विन म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता.

"तार आण. विजेच्या कुंपणाची. वेचलंय तेवढ्यातच सोडू. आणि आधी गोठ्यातलं उरलंसुरलं सुकं गवत घाल त्यांना, रिकाम्या पोटी नकोत."

तो कण्हत उतरला. शेताच्या मधोमध दोघांनी तार ओढली; तो खुंट धरायचा, ती ठोकायची, मध्येच दोघं नुसतीच उभी राहायची. मग गाईंना गवत घातलं. त्यांची पोटं भरल्यावर फाटक उघडलं. बर्निस सावकाश आत आली, धाटाचं एक पान ओढून चघळू लागली. बाकीच्या तिच्यामागे पांगल्या.

"झालं तुझ्या मनासारखं," ऑर्विन म्हणाला. "ट्रकवाल्याला नको म्हणून कळवतो."

व्हर्लाने तारेपलीकडचं अर्धं शेत पाहिलं. कणसं तशीच पडली होती. उद्या तिथे वाकायचं. मग थंडीभर पाण्यावरचा बर्फ फोडायचा, मग वासरं. ट्रक आला असता, तर उद्या उठायचं कारणच उरलं नसतं.

"कळवू ना?"

ती पुन्हा पालथ्या बादलीवर बसली.

"कळव," ती म्हणाली. "आणि मला हात दे, उठवत नाही."