चाचांचा आवाज आणि डायनामोचं आर्मेचर

भुताखेताचे किस्से सांगणाऱ्यांची मी नक्कल करायचो, इश्वास कधीच ठेवला न्हाई. आज मीच सांगाय बसलोय... हसा तुमी बी.

केजमधी धारूर रोडला आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान हाय. दुकान गफूरचाचांचं, मी त्यांच्या हाताखाली शिकलो. मागं त्यांचं घर, मधी नुसता पडदा. गेल्या हिवाळ्यात चाचांना लकवा मारला, वाचा गेली. डॉक्टर म्हणले, आवाजाची आशा सोडा.

चाचांची एक सवय होती. मोटरीचं आर्मेचर, म्हंजे आतला तारा गुंडाळलेला गोळा, ग्रोलरवर ठेवायचे. लाईट लावली की ते यंत्र गुरगुरतं. मग आर्मेचर फिरवत वरून हॅक्सॉचं ब्लेड धरायचं... जिथं तार आतून शॉर्ट, तिथं ब्लेड थडथडतं. पण ब्लेड धरायच्या आधी चाचा त्याला थोपटून म्हणायचे, "बोल माय, कुटं दुखतंय?"

मी चाचांचा हुबेहूब आवाज काढायचो. गिऱ्हाईक लोटपोट. एकदा पडद्याआडून चाची आल्या. वाटलं, आता चप्पल बसती.

"बेटा... परत एकदा काढ ना. लई दिस झाले ऐकून."

त्या दिवसापासून मस्करी गेली. रोज चहा देताना चाची थांबायच्या, मी काढायचो.

मग धारूरहून एका जुन्या डायनामोचं आर्मेचर आलं. चाचांनी तरुणपणी भरलेलं. ग्रोलरवर ठेवलं, ब्लेड धरलं अन् लाईट गेली. गुरगुर बंद. सवयीनं मी म्हणलो, "बोल माय, कुटं दुखतंय?"

ब्लेड थडथडलं.

मी प्लग उपसून हातात घेतला... तरी थडथडतंय! तेवढ्यात आतून चाची वरडल्या, "संदीप! आत ये!"

चाचा उशाला टेकून बसलेले. व्हट हलले.

"बोल माय... कुटं दुखतंय?"

चाचींनी माझं तोंड दाबून धरलं. मी तर न्हाई ना बोलत, हे बघाय. चाचा परत बोलले. मग चाचींनी हात काढला अन् पदरात तोंड घालून रडल्या.

लाईट आल्यावर परत टेस्ट केली. ब्लेड जिथं थडथडलं, शॉर्ट तिथंच निघाला.

डॉक्टर म्हणतात, वाचा येती कधी कधी. मान्य! पण बिनलाईटचं ब्लेड? अन् माझं काय? कंडक्टरचा, मास्तरचा, सगळ्यांचा आवाज निघतो... चाचांचा त्या दिवसापासून निघत न्हाई. लई जोर लावला. कावून, ते मला आजपत्तुर उमगलं न्हाई.

चाचा अजून तेवढं एकच वाक्य बोलतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काढ की बे चाचांचा आवाज!"

मी पडदा सरकवतो. "गप बसा जरा... आतून ऐका."